ठेव आणि पारख

संग्रह करणें हा मनुष्याचा स्वभाव आहे. परंतु संग्रहिलेल्या वस्तूची वेळोवेळीं पारख करणें हा मात्र त्याचा स्वभाव नव्हे. पेटींतल्या शालूस कसर लागली किंवा जुन्या दप्तरास वाळवी लागली, हें लग्नकार्याच्या अथवा दाव्याच्या दिवशींच कळतें. आज आमचीं पत्रें कागदावर नसून संगणकांत असतात. तथापि हा नियम पालटलेला नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या दिवंगत वडील बंधूंच्या बारा वर्षांच्या ईमेलचा बॅकअप घेतला, आणि तो कपाटांत ठेवून ते निश्चिंत झाले. पुढें बंधूंचें खातें बंद झालें. तीन वर्षांनीं बॅकअप उघडून पाहतात तों पत्रांचे विषय आणि तारखा तेवढ्या होत्या, मजकूर नव्हता. त्यांच्या संगणकावर मथळेच काय ते उतरत असत, मजकूर दूरच्या सर्व्हरवर राही. आणि प्रत निघाली ती मथळ्यांचीच. "आम्ही तर करावयाचें तें सर्व केलें होतें," असें ते म्हणाले. तें खरें होतें काय, हाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

हा प्रमाद अडाण्यांचाच होतो असें नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींतील एका कर्मचाऱ्याच्या हातून भलत्याच सर्व्हरवरील सुमारें ३०० गिगाबाइट माहिती पुसली गेली. बॅकअपच्या योजना तेथें एक सोडून अनेक होत्या. परंतु रोज निघावयाची प्रत, ती काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ति डेटाबेसच्या आवृत्तीशीं जुळत नसल्यामुळें, निघतच नव्हती. आणि तशी सूचना देणारीं ईमेलें पलीकडील सर्व्हर नाकारीत असल्यामुळें तीं कोणाच्याच हातीं पडत नव्हतीं. दुसऱ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं घेतलेली एक प्रत सांपडली म्हणून निभावलें. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीनें हें सर्व जगापुढें मांडलें, आणि प्रतींची परीक्षा कां होत नव्हती याचेंही प्रांजळ उत्तर दिलें: ती कोणाचीच जबाबदारी नव्हती.

केवळ प्रती वाढविल्यानेंही भागत नाहीं. फेब्रुवारी २०११ मध्यें जीमेलच्या सॉफ्टवेअरमधील एका दोषानें सुमारें ०.०२ टक्के, म्हणजे दर ५,००० मागें एका मनुष्याचीं पत्रें दिसेनाशीं झालीं. तीं अनेक ठिकाणीं ठेवलेलीं होतीं. पण दोष त्या प्रतींसही बाधला. अखेर उपयोगीं पडल्या त्या संगणकापासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फिती.

कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्ट उघडून पाहूं लागलों तर विश्वास कोठें उरला? संसार विश्वासावर चालतो, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु माणसाचा संशय घेणें निराळें आणि कामाची पारख करणें निराळें. आमच्या वैदिकांनीं संहितापाठावरच न थांबतां पद, क्रम, जटा, घन असे पाठ चालविले. शब्द उलटसुलट म्हणतांना एक वर्ण जरी ढळला, तरी तो कानास खटके. गुरूनें शिष्याकडून असे पाठ म्हणवून घेतले, तें शिष्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. ठेव पुढच्या पिढीची आहे, हें जाणून.

आमच्या स्नेह्यांनीं पुढें एकदां आपण होऊन सांगितलें कीं, बॅकअप घेतला त्याच दिवशीं एखादें पत्र उघडून पाहावें असें मनांत आलें होतें. पण बंधूंचे शब्द वाचवेनात म्हणून हात मागें घेतला. त्या दिवशीं खातें अद्याप चालू होतें, आणि चूक सुधारतां आली असती. त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्यांतच दिसतें. करावयाचें एक काम राहून गेलें होतें, आणि तें यंत्राचें नव्हतें. जें आम्हांस प्रिय आहे त्याकडे डोळे भरून आले तरी पाहणें, हाही राखणदारीचाच भाग आहे.