भाड्याच्या घरातलं श्राद्ध

पितृपंधरवडा जवळ आला की पेणहून फोन सुरू होतात. "गुरुजी, घर भाड्याचं आहे. इथे श्राद्ध केलं तर पितरांना पोचतं का?" विचारणारा बहुधा तिशी-चाळिशीतला असतो, नोकरी पनवेलला किंवा तळोज्याला, आणि वडील नुकतेच गेलेले. गावचं घर लांब असतं, नाहीतर भावकीच्या वादात बंद असतं. मी रोह्यात राहतो, भिक्षुकी करतो. माझी निम्मी कामं पेणच्या नव्या इमारतींमधली आहेत. हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही, कारण तो शास्त्रातलाच प्रश्न आहे.

दुसऱ्याच्या जमिनीवर श्राद्ध केलं तर त्या जमिनीच्या मालकाचे पितर आडवे येतात, असं धर्मशास्त्र सांगतं. त्यावर उपायही तिथेच दिलेला आहे. आधी त्या पितरांचा भाग काढून ठेवावा, किंवा मालकाला जागेचं मोल द्यावं. मी यजमानांना सांगतो, तुम्ही दरमहा भाडं भरता, मोल चुकतं झालेलं आहे, निर्धास्त पान वाढा. पण त्याच जागी आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे. अरण्यं, पुण्य पर्वत, तीर्थं आणि देवळं यांना मालक नसतो. तिथे कुणाला काही देणं लागत नाही. शास्त्राला मालकी मान्य आहे, इतकी मान्य की ती मेल्यावरही पितरांकडून जपली जाते. आणि तरीही काही जागा तिच्या बाहेरच राहतात. डोंगरउतारावर पाडलेले प्लॉट आणि त्यांच्या जाहिरातींचे फलक पेणच्या रस्त्याला दिसले की मला ते वचन आठवतं आणि वाईट वाटतं.

घर विकत घ्यावं की भाड्यानं राहावं, हा प्रश्न सध्या माझ्याच घरात आहे. आम्ही भाड्यानं राहतो ते घर मालक विकायला काढणार आहेत. माझं वय बावन्न. जावई हिशेबात पक्का आहे. तो म्हणाला, "बाबा, पेणला छत्तीस लाखांचा फ्लॅट घ्याल, अठ्ठावीस लाखांचं कर्ज काढाल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत महिन्याला चोवीस हजारांवर हप्ता. फेडून होईपर्यंत अठ्ठावीसचे अठ्ठावन्न लाख झालेले असतील. तोच फ्लॅट साडेसात हजार भाड्यानं मिळतो. वर्षाचे नव्वद हजार, म्हणजे किमतीच्या अडीच टक्के. बँकेत नुसती ठेव ठेवली तरी याहून जास्त व्याज येतं." हा हिशेब बरोबर आहे. शिवाय वीस वर्षं म्हणजे मी बहात्तरीला पोचणार, आणि भिक्षुकाला ना पगाराची पावती, ना पेन्शन.

भागवतात याच्याशी जुळणारा एक प्रसंग आहे. वामन तीन पावलं जमीन मागतो, बळी द्यायला तयार होतो, तेव्हा शुक्राचार्य त्याला थांबवून संपत्तीचे पाच भाग सांगतात. एक धर्मासाठी, एक कीर्तीसाठी, एक संपत्ती वाढवण्यासाठी, एक स्वतःच्या सुखासाठी, एक आपल्या माणसांसाठी. बळीनं ते ऐकलं नाही आणि तो थोर झाला. पण बळी होणं सगळ्यांना जमत नाही; गृहस्थासाठी मला शुक्राचार्यांचा हिशेबच योग्य वाटतो. माझी सरासरी मिळकत महिन्याला चाळीस हजार, तीही चातुर्मासात आणि लग्नसराईत वरखाली होणारी. चोवीस हजारांचा हप्ता म्हणजे पाचांतले तीन भाग एकट्या घराला. मग दारी आलेल्याला जेवायला बस म्हणताना मन आखडणार, बहिणीच्या मुलाची फी भरताना हात थांबणार. घरासाठी धर्माचा भाग गहाण पडत असेल तर ते घर महाग झालं, मग त्याची बाजारातली किंमत कितीही वाढो.

दुसऱ्या टोकाला अवधूताचा साप आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत साप आहे. तो स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात सुखानं राहतो. देह टिकणारा नाही, मग घर उभारायची दगदग कशाला, हा त्याचा धडा. संत एकनाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. ज्या नाथांनी हा साप मराठीत आणला, ते स्वतः पैठणला वाड्यात राहिले, संसार केला, आल्यागेल्याला पंक्तीला बसवलं. मला हा विरोध वाटत नाही. साप संन्याशाचा गुरू. गृहस्थाला अतिथी सांभाळायचा आहे, आणि त्यासाठी दार लागतं. ते दार कुणाच्या नावावर आहे, हे अतिथी विचारत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी रोह्यात फिरते. आमच्या भाड्याच्या दारातही आम्ही तिला ओवाळतो आणि आजवर आम्हाला काही कमी पडलेलं नाही.

मात्र भाड्याचं घर म्हातारपणी दगा देतं, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. अकरा महिन्यांचा करार संपतो आणि सत्तरीतल्या एकट्या बाईला नवं घर द्यायला कुणी राजी नसतं. माझी बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या मागे मला सामान उचलायला लावू नका." जावयाच्या हिशेबात या वाक्याला रकाना नाही. आणि पैसा साठवून निश्चिंत राहावं, हेही पेणच्या माणसाला सांगणं अवघड आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची बचत अडकली. त्यानंतर माझे कित्येक यजमान म्हणू लागले की पैसा विटांत घातलेला बरा. त्यांची भीती खरी होती.

पण मग विटांचं काय झालं, तेही मी पाहिलं. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची कथा येते, मत्स्यपुराणातली. शंकराच्या घामातून निघालेलं ते भूत सगळं गिळायला निघालं, तेव्हा देवांनी त्याला पालथं पाडलं आणि जो देव जिथे बसला तो तिथेच राहिला. पंचेचाळीस देवता. आग्नेय कोपऱ्यात प्रतिमा पालथी ठेवताना यजमान या देवतांना बळी देतो आणि त्यांच्यामध्ये राहायला जागा मागतो. नोंदणीच्या इंडेक्स टूवर त्याचं नाव लागून महिना झालेला असतो, पण विधीत तो सर्वांत शेवटी आलेला रहिवासी असतो. अशी जागा मागून काही यजमान त्याच संध्याकाळी कुलूप लावून मुंबईला जातात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून हे वाढलं आहे. नवी मुंबईचा विमानतळ आला, भाव चढणार, तोवर घर बंद राहू दे, हा त्यांचा हिशेब. मागे एका इमारतीत वास्तुशांतीला गेलो तेव्हा शेजारच्या दारावर मीच आदल्या वर्षी बांधवलेलं आंब्याचं तोरण वाळून काळं झालेलं होतं. आत दिवा लागलेला नव्हता. देवतांकडे राहायची परवानगी मागायची आणि राहायचं नाही, हे मला खोटं बोलण्यासारखं वाटतं.

मालकी आणि राहणं यांचा विचार निघाला की मला विनोबा भावे आठवतात. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते जन्मले. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि गावातल्या रामचंद्र रेड्डींनी तिथल्या तिथे शंभर एकर दिली. भूदान तिथून सुरू झालं. पुढे ग्रामदानात त्यांनी मालकी गावाकडे आणि वहिवाट कसणाऱ्याकडे ठेवली. भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं. तरी मालकी आणि वहिवाट वेगळी करून पाहण्याचं धैर्य आमच्या भागातल्या एका माणसानं दाखवलं, याचा मला अभिमान आहे. त्यांनी भूमिहीनाला कधी वैराग्य शिकवलं नाही; त्याला आधी जमीन मिळवून दिली. पेण-रोह्याच्या अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. पावसाळा संपला की माणसं वीटभट्ट्यांवर जातात, इतरांच्या घरांच्या विटा पाडतात, आणि परतल्यावर आपली झोपडी तिथेच असेल याची त्यांना खात्री नसते. त्यांच्यासमोर अपरिग्रहावर बोलायला माझी जीभ रेटणार नाही. ज्याला कुणीही उठवू शकतं त्याच्यासाठी पायाखालची जमीन नावावर होणं हाच धर्म आहे.

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. पेणचा फ्लॅट घ्यायचा नाही. रोह्यातच एका जुन्या चाळवजा घरातल्या दोन खोल्या मिळत आहेत, त्या साठवणीतून आणि थोड्या कर्जातून बायकोच्या नावावर घ्यायच्या. हप्ता मिळकतीच्या पाचव्या भागापलीकडे जात नाही. त्या खोल्यांचा भाव वाढेल की नाही, ते मी विचारलेलं नाही. माझा धाकटा भाऊ नागोठण्याला भाड्यानं राहतो, त्याची बदलीची नोकरी आहे. त्यानं घर घेऊ नये असंच मी त्याला सांगितलं. राहायला हवं म्हणून घ्यावं, राहायचं नसेल तर भाडं द्यावं. नुसतं वाढतं म्हणून घर घेणं मला पटत नाही.

ज्यांची दुसरी-तिसरी घरं पेणला बंद पडून आहेत त्यांना माझी विनंती आहे. ती उघडा आणि भाड्यानं द्या. जात विचारू नका, एकट्या म्हाताऱ्या बाईला नाही म्हणू नका, आणि भाडेकरूनं श्राद्धाला जागा मागितली तर आनंदानं हो म्हणा. तुमच्या पितरांचा भाग तो आधी काढून ठेवेल. तसं सांगायची जबाबदारी माझी.