पंचविसावी फेरी

दहा हजार मीटरांची शर्यत ही कोठेही न पोहोचणारी शर्यत आहे. चारशे मीटरांच्या मार्गावर पंचवीस फेऱ्या मारायच्या आणि जेथून निघालो तेथेच येऊन थांबायचे. रस्त्यावरच्या शर्यतीत गाव मागे पडते, पूल येतो, चढ येतो. मागे राहिलेला धावपटू पुढच्यांच्या दृष्टीआड होतो आणि त्याच्या मागे राहण्याला एक प्रकारचा आडोसा मिळतो. मैदानावर असा आडोसा नसतो. सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा असे दोघेही काही क्षण खांद्याला खांदा लावून धावताना दिसतात, आणि पाहणाऱ्याला त्यांतला कोण कितव्या फेरीत आहे हे उमगत नाही. ते दोघांनाच ठाऊक असते: फेऱ्या मोजणाऱ्या पंचाला आणि धावणाऱ्याला. या दोघांच्या हिशेबात फरक पडला तर धावणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. माझ्यापुरता तो एके काळी क्षुल्लक राहिला नाही, म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

मी धावू लागलो तो वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. तारुण्यात कोणत्याही मैदानावर नाव कमावलेले नव्हते, त्यामुळे गमावण्यासारखे काही नव्हते. प्रौढ खेळाडूंची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा १९७५ साली टोरांटो येथे भरली. आज अशा स्पर्धा आपल्याकडेही गावोगावी होतात. पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट केलेले असतात. निकाल गटवार लागतो. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीला माणसे थोडी असल्यामुळे अनेक गट एकदमच धावतात. अडतीस वर्षांचा माणूस आणि बासष्ट वर्षांचा माणूस एकाच रेषेवर उभे राहतात. पहिल्या फेरीत ते एकत्र असतात. नंतर जे व्हायचे ते होते. आमच्या त्या शर्यतीत विजेत्याने पंचवीस फेऱ्या पूर्ण केल्या तेव्हा माझ्या जेमतेम सोळा झाल्या होत्या. म्हणजे त्याने मला नऊ वेळा ओलांडले होते.

अशा माणसाला लोक एक ठरलेले सांत्वन देतात. ‘तुमची स्पर्धा इतरांशी नाहीच, ती स्वतःशीच आहे,’ असे ते म्हणतात. हे वाक्य मीही पुष्कळ वेळा उच्चारले आहे. आता मला ते अप्रामाणिक वाटते. स्पर्धा केवळ स्वतःशीच असती तर पहाटे एकट्याने धावून ती पुरी करता आली असती. त्यासाठी प्रवेशशुल्क भरून, छातीवर क्रमांक लावून, परगावच्या मैदानावर जाण्याचे कारण नव्हते. आपण तेथे जातो ते इतरांसाठीच. दुसरा माणूस पुढे असतो म्हणून आपल्या पायांतून एरवी न निघणारे काहीतरी निघते. आपण मागे असतो म्हणून त्यालाही मागून येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू येतो. स्पर्धा म्हणजे वैर नव्हे. तो एक करार आहे. ‘मी पुरे अंतर धावेन, तूही धाव, मग पाहू,’ असा हा न लिहिलेला करार असतो. त्यात वेगाची हमी कोणीही देत नाही. हमी असते ती फक्त अंतराची.

या कराराची दोन अंगे एकाच शर्यतीत दिसली, ती १४ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये. दहा हजार मीटरांच्या त्या शर्यतीत अमेरिकेच्या बिली मिल्सने अनपेक्षितपणे सुवर्णपदक मिळवले. ट्युनिशियाचा मोहम्मद गम्मुदी दुसरा आणि जागतिक विक्रम नावावर असलेला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क तिसरा आला. शेवटच्या फेरीत हे तिघे मागे पडलेल्या धावपटूंच्या गर्दीतून वाट काढीत होते. समोर फेरीने मागे राहिलेला एक धावपटू आणि बाजूला मिल्स अशा कोंडीत क्लार्क सापडला, त्याने मिल्सला बाहेर ढकलले, आणि गम्मुदी दोघांच्या मधून घुसला. मागचा माणूस पुढच्यांना अडसर होऊ शकतो, ही वस्तुस्थिती आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्यांना मैदानावर जागा अडवण्याचा अधिकार आहे का, असे कोणी विचारले तर प्रश्न उद्धट असेल, पण गैरलागू नसेल.

त्याच शर्यतीत सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, रणतुंगे करुणानंद हा धावपटू होता. अनेकांनी शर्यत अर्ध्यावर सोडली, तो सोडीना. पुढचे सगळे पोहोचले तरी त्याच्या फेऱ्या उरल्याच होत्या, आणि तो रिकाम्या मार्गावर एकटाच धावत राहिला. आधी प्रेक्षक हसले. मग हसू थांबले, आणि तो अखेरची रेषा ओलांडीपर्यंत टाळ्यांचा गजर झाला. मिल्सनंतर सुमारे सहा मिनिटांनी तो पोहोचला. त्याची कथा पुढे जपानच्या शालेय पाठ्यपुस्तकात आली. या कथेत लोकांना चिकाटी दिसते. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. तो मार्गावरून बाजूला झाला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. पण मग त्याने अंतर पुरे केले असे कोणालाच म्हणता आले नसते. मागे पडलेल्या माणसाचा मैदानावरचा अधिकार त्याच्या वेगातून येत नाही, पुऱ्या मोजणीतून येतो. विजेत्याजवळ वेळ असते, पदक असते, नाव असते. शेवटच्या माणसाजवळ फक्त फेऱ्यांचा आकडा असतो. तोच खोटा असेल, तर त्याच्याजवळ काहीही उरत नाही.

हे मला कळले ते मात्र उशिरा, आणि एक आकडा खोटा करून.

त्या वर्षी मी बासष्ट वर्षांचा होतो. साठ ते चौसष्ट या गटात आम्ही चौघे होतो. दोघे फार पुढे गेले. तिसऱ्या क्रमांकासाठी मी आणि एक चौसष्ट वर्षांचे गृहस्थ असे दोघेच उरलो. ते माझ्यापुढे साधारण दीडशे मीटरांवर होते आणि ते अंतर शर्यतभर तसेच राहिले. मैदान मुरमाचे होते, फक्कीच्या रेषा पावलांनी विस्कटल्या होत्या, ऊन चढत होते. फेऱ्या मोजण्याची माझी रीत साधी आहे: दर पाच फेऱ्यांना डाव्या हाताचे एक बोट मिटायचे. मी रेषेजवळ आलो तेव्हा चार बोटे मिटलेली होती आणि त्यावर तीन फेऱ्या झाल्या होत्या. म्हणजे तेवीस. त्याच वेळी घंटा वाजली. पंच माझ्याकडे पाहून हाताने खुणावत होते: शेवटची फेरी.

घंटा चोविसाव्या फेरीअखेर वाजायला हवी होती. माझ्या नावापुढे एक खूण जास्त पडली होती, एवढेच. पंच सकाळपासून उन्हात बसले होते. एकाच वहीत अनेकांच्या फेऱ्या नोंदवत होते. त्यांचा दोष तेवढाच. पुढचे सारे माझे. ती फेरी धावताना मी मनाशी जो युक्तिवाद केला तो मला आजही शब्दशः आठवतो. थकलेल्या डोक्याचा काय भरवसा? बोट मिटायचे राहिले असेल. पंचांची वही हीच अधिकृत. मी कोण त्यांना खोटे ठरवणारा? विनय इतका सोयीचा असू शकतो, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. मी थांबलो, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. ते गृहस्थ त्यानंतर दीडएक मिनिटाने आले. मला तेथे आधीच उभा पाहून ते गोंधळले, मग हसले, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तुम्ही माझ्या पुढे कधी गेलात, लक्षातच आलं नाही हो.” मी काही बोललो नाही. कांस्यपदक माझ्या गळ्यात पडले.

पुढे वर्षभर मी या घटनेचे निरनिराळे अर्थ लावून पाहिले. पहिला असा की, यात कोणाचे काय गेले? पितळेच्या रंगाची एक चकती. तिच्यावर कोणाचा संसार चालत नव्हता. दुसरा असा की, फळावर दृष्टी ठेवू नये असे गीताच सांगते, मग पदक याला मिळाले की त्याला, याचा विचार तरी कशाला? पण हा अर्थ फार काळ टिकला नाही. फळाविषयी उदासीन राहा, असा उपदेश असेल. कर्म एका फेरीने कमी करून फळ मात्र घ्या, असा तो कोठेही नाही. तिसरा अर्थ प्रदक्षिणेचा होता. आपल्याकडे देवाभोवती फेरे घालणारा माणूसही जेथून निघतो तेथेच परत येतो. त्याच्या पुढे कोण गेले, मागे कोण राहिले, हे कोणी पाहत नाही. धावण्याकडे मी तसे का पाहू नये? पण तेथेही अकरा प्रदक्षिणा बोललेल्या माणसाने दहाच घातल्या, तर ते कोणाला कळो न कळो, त्याला स्वतःला कळतेच. मोजणी करणारा दुसरा कोणी नसतो म्हणूनच ती मोजणी त्याच्यावर बंधनकारक असते.

या सर्व विचारांत एक दोष होता. ते सारे माझ्याविषयी होते: माझे पदक, माझे कर्म, माझी टोचणी. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस त्यांत कोठेच नव्हता.

पुढल्या वर्षी ते मैदानावर पुन्हा भेटले. आता त्यांना पासष्ट पूर्ण झाली होती, म्हणजे त्यांचा गट बदलला होता. आम्ही एकाच रेषेवरून एकाच वेळी धावणार होतो, पण त्या वर्षी एकाच निकालपत्रकात येणार नव्हतो. शर्यतीने केलेली चूक शर्यतीने दुरुस्त होण्याची वाट वयाने तूर्त बंद केली होती. उरले होते ते सांगणे. शर्यतीपूर्वी त्यांना बाजूला घेऊन मी सगळे सांगितले आणि पदक त्यांच्यापुढे धरले.

ते रागावतील किंवा ‘जाऊ द्या हो’ म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. दोन्ही झाले नाही. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं.” थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. मग त्यांनी मंडपाकडे बोट केले. तेथे त्यांची मुलगी वही आणि पेन घेऊन बसली होती. “गेल्या वर्षी तुम्ही माझ्यामागे होतात याची मला खात्री होती. घरी गेलो तेव्हा वाटलं, आता आपलं भान सुटायला लागलं. बँकेतले हिशेबसुद्धा मी तेव्हापासून तिच्याकडे दिले. आज फेऱ्या मोजायलाही तिलाच बसवलं आहे.”

मी त्यांच्याकडून एक पदक घेतले होते, असे मी वर्षभर समजत होतो. प्रत्यक्षात मी त्यांचा स्वतःवरचा विश्वास नेला होता. म्हातारपणी माणसाकडून वेग जातो, दम जातो; सरावाने ही घट मंदावते, थांबत नाही. त्याविषयी कोणाची तक्रार नसते. पण आपले डोळे, आपली स्मृती, आपली मोजणी अजून आपली आहे, या भरवशावर उरलेले दिवस उभे असतात. एका खोट्या आकड्याने मी नेमका त्या भरवशाला तडा दिला होता, आणि तोही काहीही न बोलता. खोटे बोलावे लागते तेव्हा निदान आपण खोटे बोलत आहोत हे तरी कळते. मला तेवढेही करावे लागले नव्हते. अधिकृत वही माझ्या वतीने बोलत होती.

त्यांनी पदक हातात घेतले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि खिशात ठेवले. मोठेपणा दाखवला नाही, आणि मला तेच योग्य वाटले. मग म्हणाले, “तुमच्याही फेऱ्या तिला मोजायला सांगू का?” त्या स्वरात उपरोध नव्हता. मी हो म्हटले. आयोजकांना मी त्याच दिवशी लेखी कळवले.

त्या दिवशीची शर्यत सांगण्यासारखी नाही. तरुण मंडळी आठ-नऊ वेळा ओलांडून गेली. पुढे जाणाऱ्याने बाहेरून जावे असा संकेत आहे. तरी दर वेळी सौजन्य म्हणून दुसऱ्या पट्टीत सरकण्याचा मोह होतो. पण सबंध फेरी त्या पट्टीतून धावले तर सुमारे सात मीटर जास्त पडतात, आणि रेषा सोडून इकडेतिकडे होणारा माणूसच मागच्याला अधिक अडचणीचा ठरतो. मी आतली रेषा धरून, न डगमगता धावत राहिलो. मागच्यांनी पुढच्यांना द्यायचे ते एवढेच: आपण कोठे आहोत, हे त्यांना निश्चित कळू द्यावे.

शेवटी शेवटी डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. बोटांचा हिशेब मला नीट सांगता येत नव्हता. मैदान रिकामे झाले होते, खुर्च्या उचलल्या जात होत्या, ते गृहस्थ पोहोचून वहीजवळ उभे होते. मी रेषा ओलांडली आणि पाय आपोआप मंदावले. पंचांपैकी एकाने ‘झाले, झाले’ असा हात केला. त्यात दयाच होती. त्याच वेळी मंडपातून त्या मुलीचा स्वच्छ आवाज आला, “काका, तुमची अजून एक राहिली आहे.”

मी पुढे निघालो. मागून पंचांना आठवण झाली असावी, घंटा वाजली.