दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार

शेतकऱ्याच्या वतीने बोलण्याचा नैतिक अधिकार कोणाला? जो त्या मातीत वाढला त्याला, हे उत्तर मराठवाड्यात सहज दिले जाते आणि पुरावा म्हणून कंधारचे केशवराव धोंडगे यांचे नाव येते. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते पाच वेळा आमदार झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले आणि 1977 मध्ये नांदेडचे खासदार झाले. पण मला त्यांच्या आयुष्यातून वेगळेच काही दिसते. जन्माने जवळीक मिळते. अधिकार मात्र सभागृहात किंमत मोजून मिळवावा लागतो. तसे नसते तर 1937 मध्ये खोती ही कोकणातली जमीनदारी पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडणारे बॅरिस्टर आंबेडकर तिथल्या कुळांचे प्रतिनिधी ठरलेच नसते. उलट, शेतकऱ्यांच्या मुलांनी विधानसभा भरूनही नांदेड-लातुरातल्या आत्महत्या थांबल्या नाहीत.

यावर आक्षेप येईल की मग अनुभवाला काही मोलच उरत नाही. उरते, आणि ते मोठे आहे. न पिकलेल्या वर्षाचे कर्ज म्हणजे काय, हे अहवाल वाचून पुरते कळत नाही. मात्र त्या अनुभवाने माणूस दुसऱ्याचे ऐकायला शिकला का, हे पाहावे लागते. धोंडग्यांनी गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले, त्याचे महत्त्व मला म्हणूनच त्यांच्या निवडणुकांहून अधिक वाटते. तिथे ज्यांच्या वतीने बोलले जाते, त्यांच्याच हाती व्यासपीठ गेले.