सोमवारची वरण-पोळी

काल रविवार झाला. यवतमाळात ज्यांच्याकडे पाहुणे होते, त्यांच्या फ्रिजमध्ये आज वाटीदोन वाट्या वरण आणि डब्यात चार पोळ्या हमखास असणार. तूर आपल्याच जिल्ह्यातली. ते वरण ओतून द्यायला हात धजत नाही.

मग संध्याकाळी वरणात पाणी घालून खळखळून उकळा. कढल्यात तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. लसूण तांबूस झाला की सुक्या मिरच्या, आणि ती चरचरती फोडणी वरणावर. पोळीचे तुकडे अगदी शेवटी टाका, नाहीतर लगदा होतो. सोबत जवसाची चटणी. ताज्या वरणफळांपेक्षा मला तरी हेच आवडतं.

भाताचं मात्र जपून. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतूंनी विष तयार केलं, तर ते गरम करूनही जात नाही. वेळेत फ्रिजमध्ये ठेवलेलाच भात फोडणीला घ्या.

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त घराघरांतून. पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी उरलेली पुरणपोळी तुपावर खरपूस भाजून खाणाऱ्या आपल्या आज्यांचा त्यात फारसा वाटा नसावा.