नावाचा उगम आणि नावाचा अर्थ

अद्भुत कथांमधल्या पात्रांची नावे कानाला अनोळखी लागतात, म्हणूनच ती आली कुठून हे शोधण्याचा मोह वाचकाला आवरत नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या बाबतीत हा शोध चांगला फळतोही. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’मधल्या बहुतेक बुटक्यांची नावे त्यांनी ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या नामावळीतून जवळजवळ जशीच्या तशी घेतली: थोरिन, फिली, किली, बोंबुर. मांत्रिक गँडाल्फचे नावही त्याच नामावळीतले. एवढे सापडले की नावाचा अर्थच हाती लागला असे वाटू लागते. माझ्या मते इथे गल्लत होते. उगमावरून लेखकाला काय मिळाले होते ते कळते. नावाचा अर्थ मात्र ते नाव धारण करणारा जीव कथेत कसा वागतो त्यावरून ठरतो.

गँडाल्फचेच उदाहरण पाहा. ‘द हॉबिट’च्या सुरुवातीच्या मसुद्यात हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याचे होते आणि मांत्रिकाचे नाव होते ब्लाडॉर्थिन. पुढे टॉल्किन यांनी म्होरक्याचे नाव काढून मांत्रिकाला दिले आणि म्होरक्या थोरिन झाला. अर्थ उगमातच साठवलेला असता तर अशी अदलाबदल जमली नसती. यावर कुणी म्हणेल, मूळ नॉर्स शब्दात ‘काठी’ आणि ‘एल्फ’ असे दोन अंश आहेत, म्हणजे नाव आपल्या योग्य धन्याकडेच गेले. पण हे निम्मेच खरे. मांत्रिकाच्या हाती काठी आहे. एल्फ मात्र तो नाही, टॉल्किन यांच्या जगात ती जमातच वेगळी आहे. तरीही ते नाव वाचकाला खोटे वाटत नाही. खोल दरीवरच्या पुलावर बाल्रोग या राक्षसाची वाट अडवून सोबत्यांना निसटू देणारा, असा गँडाल्फ आपल्याला ठाऊक असतो आणि त्या कृतीने नाव भरून जाते.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्कांच्या ‘निरुक्ता’त शाकटायनांचे मत दिले आहे, की सगळी नामे धातूंपासून झाली. गार्ग्यांना ते मान्य नव्हते. वाट व्यापतो म्हणून अश्व म्हणायचे, तर वाट चालणारा प्रत्येक जण अश्व ठरेल, असा त्यांचा आक्षेप. यास्क उत्तर देतात, की तेच काम करणाऱ्यांपैकी काहींनाच ते नाव मिळते, इतरांना मिळत नाही, असे लोकव्यवहारातच दिसते. लाकूड तासणारा प्रत्येक जण काही सुतार म्हणवला जात नाही. यास्क शाकटायनांच्या बाजूचे, पण त्यांच्या या उत्तरातच एक कबुली आहे: धातू नाव सुचवतो, ते कुणाला चिकटायचे हे व्यवहार ठरवतो. पतंजलींनी तर जाती, गुण आणि क्रिया सांगणाऱ्या शब्दांशेजारी ‘यदृच्छाशब्द’ हा चौथा वर्ग मानला, म्हणजे बोलणाऱ्याने आपल्या इच्छेने ठेवलेली नावे. ‘डित्थ’ हे त्याचे परंपरेतले ठरलेले उदाहरण. अद्भुत कथेतल्या नावांची जागा याच वर्गात आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मीमांसकांचा. शब्द आणि अर्थ यांचा संबंध माणसाने जुळवलेला नाही, तो स्वाभाविक आहे, असे जैमिनी मानतात. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादातही नावाचे नाते वस्तूच्या स्वभावाशी असते, ही बाजू गंभीरपणे मांडली आहे. ध्वनीला स्वतःचे बळ असते हे मलाही मान्य आहे आणि टॉल्किन यांचा अनुभवही तसाच. १९६७ सालच्या एका पत्राच्या मसुद्यात त्यांनी आपल्या कथेतल्या ‘मोरिया’चा बायबलमधल्या ‘मोरिया’ या भूमीशी संबंध साफ नाकारला. एका नॉर्वेजियन लोककथेतल्या किल्ल्याच्या नावाचा नाद तेवढा मनात घुमत राहिला होता, एवढेच त्यांनी सांगितले. पण यातून सिद्ध काय होते? तोच ध्वनी एकीकडे अब्राहमाच्या परीक्षेची भूमी होतो आणि दुसरीकडे बुटक्यांचे उजाड भुयारी नगर. ध्वनी भाव जागवतो, अर्थ ठरवत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कल्पित नावाला अर्थ देण्याचे सामर्थ्यच नसते, कारण त्यामागे फक्त एका माणसाची लहर असते. नैयायिकांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. सतराव्या शतकातल्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त विश्वनाथ सांगतात, की पित्याने मुलाला ठेवलेल्या नावातही शक्ती असते, कारण अकराव्या दिवशी नाव ठेवावे या विधानामागे ईश्वरेच्छाच आहे. माणसाने नव्याने केलेल्या इतर संकेतांत शक्ती नाही, असे परंपरा म्हणते. पण तिथेच नव्य नैयायिकांचे मत नोंदवले आहे: शक्ती म्हणजे केवळ इच्छा, ती ईश्वराचीच असली पाहिजे असे नाही. मला हे नव्यांचे मत पटते. लेखकाची इच्छा नावाला पहिला संकेत देते आणि वाचकांच्या पिढ्या तो पाळतात, तेव्हा ते नाव इतर कोणत्याही नावाइतकेच समर्थ होते.

मग उगम शोधायचाच कशाला? कारण त्यातून एक नम्र सत्य कळते: नाव घडवणाऱ्यालाही सामग्री आधीच्यांकडूनच मिळते. टॉल्किन यांना ‘एआरेंडेल’ हे नाव दहाव्या शतकातल्या एक्सेटर ग्रंथातल्या ख्रिस्तस्तुतीच्या काव्यात भेटले. तिथे ते तेजाला घातलेल्या सादेत येते. १९१४ साली त्यांनी त्या नावाचा आकाशात जहाज हाकणारा खलाशी केला आणि पुढे त्याच्याभोवती अख्खी पुराणकथा उभी राहिली. श्रद्धावान कॅथलिक असलेले टॉल्किन माणसाच्या कल्पनानिर्मितीला ‘उपनिर्मिती’ म्हणत: माणूस घडवतो, कारण तो स्वतः घडवणाऱ्याच्या प्रतिमेत घडला आहे. उत्पत्तीच्या ग्रंथातही प्राणी देव निर्माण करतो आणि त्यांना नावे आदाम देतो. अशा घेतलेल्या ठेव्याला आपल्याकडे ऋषिऋण म्हणता येईल. आधीच्यांकडून मिळालेले ज्ञान जपून पुढे चालवले की ते ऋण फिटते, अशी आपली धारणा आहे. नावाच्या मुळाशी जाणारा वाचक घेतलेल्या ऋणाची नोंद शोधत असतो आणि ते काम मोलाचे आहे. पण लेखकाने ते फेडले कसे हे त्या नोंदीत सापडत नाही. त्यासाठी कथाच वाचावी लागते.