लोकरीची साक्ष

चंद्रपुरात राहून लोकर रंगवणे म्हणजे टक्कल पडलेल्याने फण्यांचा संग्रह करण्यासारखे आहे. मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. स्वेटर हा शब्द नुसता उच्चारला तरी घाम फुटतो. पण डिसेंबर-जानेवारीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पारा दहाच्या खाली उतरतो, आणि तेवढ्या पंधरवड्याच्या भांडवलावर आमच्या घरात बारा महिने विणकाम चालते. हवा तो रंग बाजारात मिळेना, म्हणून आमच्या हिने पांढरी लोकर जिलेबीच्या रंगात रंगवायला काढली.

“खायचा रंग कपड्याले लावता का जी?” शेजारच्या काकूंनी विचारले. त्यांच्या स्वरात अन्नाचा अपमान झाल्याची व्यथा होती.

कृती सोपी आहे. लोकर कोमट पाण्यात भिजवायची, पातेल्यात पाणी, रंग आणि थोडे व्हिनेगर घालायचे, आणि उकळी फुटू न देता अर्धा तास मंद आचेवर ठेवायचे. ढवळाढवळ केली तर लोकरीचा नमदा होतो. शेवटी सगळा रंग लोकर पिऊन टाकते आणि पाणी नितळ उरते. लोकर, मोहेर, रेशीम ही प्रथिने. आंबट पाण्यात ती हा रंग घट्ट धरून ठेवतात. सुती कापड धरत नाही. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे अॅक्रिलिकही धरत नाही. म्हणजे चार आण्याच्या रंगाने दुकानदाराचाही खरेपणा कळतो.

गंमत पुढेच आहे. अन्नाची तपासणी करणारे रसायनतज्ज्ञही हाच उद्योग करतात. मिठाईचा रंग पाण्यात उतरवायचा, त्यात थोडे आम्ल घालायचे आणि पांढऱ्या लोकरीचा धागा सोडून उकळायचे. कृत्रिम रंग असेल तर तो लोकरीला चिकटतो. मग तो परवानगीच्या आठ रंगांपैकी आहे, की बंदी असलेला मेटॅनिल यलो आहे, याची पुढची चौकशी. तीच लोकर, तोच रंग. आमच्या घरी त्याचा स्वेटर होतो, सरकारी प्रयोगशाळेत खटला!

काकूंना मी सांगितले, की प्रश्न उलटा विचारायला हवा. हे रंग मुळात कापडाचेच. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा पोरगा कोळशाच्या डांबरातून हिवतापावरचे क्विनाइन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. त्याने रेशीम रंगवले. पुढे त्याच घराण्यातले रंग ताटात आले. आपल्या जिल्ह्यात कोळसाही भरपूर आणि हिवतापही. फक्त पर्किन तेवढा जन्मला नाही.

पण मग पाप कुठे आहे? रंगात? शेंगदाण्याच्या बर्फीतला हिरवा रंग “मी पिस्ता आहे” असे म्हणतो. तोच हिरवा रंग स्वेटरवर बसला की काहीच म्हणत नाही. तर मग कापड तेवढे निष्पाप आणि ताट पापी? तसेही नाही. आरमोरीचा, नागभीडचा कोसा घ्या. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या किड्यांचे हे रेशीम. त्याचा मधासारखा रंग हीच त्याची ओळख. कोसा लाल रंगवून लाल साडी म्हणून विकला तर तो शृंगार. भलतेच सूत मधाळ रंगवून कोसा म्हणून विकले तर ती चोरी, आणि ती मिठाईवाल्याच्या नव्हे, विणकराच्या पोटावर पाय देते.

मला सुचलेली कसोटी एवढीच: “याला रंग दिलाय” असे मोठ्याने सांगूनही गिऱ्हाईक घेणार असेल, तर तो रंग, सांगितल्यावर निघून जाणार असेल, तर ते खोटे. जिलेबी या कसोटीला उतरते. पिवळीधमक आहे म्हणून ती केशराची आहे, असे कुणी समजत नाही. बर्फी उतरत नाही.

काकूंना हे पटले. मात्र जाता जाता माझ्या काळ्याभोर केसांकडे पाहून त्या म्हणाल्या, “केसही प्रथिनच असते ना जी?”

मी मोठ्याने सांगितले, “याला रंग दिलाय.” आमची ही आतून म्हणाली, “गिऱ्हाईक केव्हाच घेऊन बसलंय. आता परत करता येत नाही.”