मळणारा हात

आज मननाला एकच शब्द घेऊ. मंत्र नव्हे, इंग्रजीतला रोज कानावर पडणारा शब्द : लेडी.

सैल बसा. शब्द मनातल्या मनात एकदा म्हणा. त्याच्यासोबत टोपी येईल, हातमोजे येतील, चहाचा नाजूक कप येईल. हाकलू नका. येतील तसे जातील.

आता हजारेक वर्षं मागे सरका. तेव्हाच्या इंग्लंडात हा शब्द 'ह्लॅफदिगे' असा होता. 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. 'दिगे' म्हणजे मळणारी. लॉर्डही त्याच घरचा : 'ह्लाफवेअर्ड', पाव राखणारा. आणि केंटच्या एथलबर्ट राजाच्या कायद्यात पदरी असलेल्या माणसाला 'पाव खाणारा' म्हटलं आहे.

इथे थांबा. मळणारी, राखणारा, खाणारा. यांत आपण कोण, हे स्वतःला विचारा. उत्तराची घाई नको. (मोठा मान राखणाऱ्याला का मिळाला, हे मला कधीच पटलेलं नाही.)

आपला 'पाव' वेगळ्या वाटेनं आला : पोर्तुगीजांकडून, आणि त्यांच्याकडे लॅटिन 'पानिस'मधून. त्याच पानिसमधून 'कंपनी', म्हणजे एकत्र पाव खाणारी मंडळी. 1668 साली मुंबई ज्या कंपनीच्या हाती गेली, तिनं कुणाबरोबर वाटून खाल्लं, असा विचार मनात येईलच. त्यालाही येऊ द्या, जाऊ द्या.

पुन्हा 'दिगे'कडे या. लक्ष तळहातांवर आणा. पीठ आधी बोटांना चिकटतं, सुटता सुटत नाही. मग पाणी मुरतं, आणि एका क्षणी गोळा परात सोडतो. हा मळण्याचा धातू फार जुना आहे. इंग्रजीत त्यातून 'डो' आला, मळलेलं पीठ. संस्कृतात तोच 'दिह्' झाला, लिंपणं, माखणं. आणि त्यातून 'देह'.

सावकाश श्वास घ्या. ज्याच्या आधारानं आत्ता बसला आहात, त्या देहाचं नाव पिठाच्या गोळ्याच्या नात्यातलं आहे. गुडघे, पाठ, खांदे, एकेक आठवा. कुठे घट्ट आहे, कुठे अजून मुरायचं आहे?

प्राचीन इराणात याच धातूतून मातीची भिंत उभी राहिली. भोवती भिंत घातलेली जागा म्हणजे 'पइरिदएझ'. ग्रीकांनी तो शब्द राजांच्या बागांसाठी उचलला आणि पुढे इंग्रजीत त्याचा स्वर्ग झाला, पॅराडाइज. लॅटिनमध्ये त्याच धातूचं 'फिंगेरे' झालं : आकार देणं, मग मनानं रचणं. 'फिगर' आणि 'फिक्शन' तिथले.

यांतला एक शब्द निवडा आणि दहा श्वास त्याच्यापाशी बसा. मी 'डो' घेईन. देहावर मनन आपल्याकडे भरपूर झालं आहे, पिठाच्या वाट्याला ते फारसं आलेलं नाही.